रोलर कबुतरांच्या ढाबळीत उजेड किती ठेवावा
बर्मिंगहॅम रोलर, म्हणजे उडताना हवेत कोलांट्या मारणारी कबुतरं, उडवायची असतील तर त्यांना लख्ख उजेडात ठेवू नका. माझ्याकडे उडणाऱ्या टोळीचा कप्पा वेगळा आहे. पुढच्या जाळीवर मी पातळ फळी लावतो, खाली फक्त चार बोटांची फट. पाण्याचं भांडं दिसावं एवढाच उजेड. अशा अंधुक कप्प्यात नरांचं घुमणं कमी होतं, जागेवरून मारामाऱ्या थांबतात, आणि वाचलेली ताकद वर कोलांट्यांना कामी येते, असं माझं मत. दाणा टाकताना मात्र फळी काढायची.

उजेड अडवताना वारा अडवू नका, वरचे झरोके उघडेच हवेत. कोंदट ढाबळीत श्वासाचे आजार ठरलेलेच.

दिवस मोठा होऊ लागला की पक्षी जोडीवर येतात आणि टोळीतून फुटू लागतात. म्हणून उडत्या टोळीपाशी रात्री बल्ब जळत ठेवणं मला मुळीच पटत नाही.

जोडीच्या पक्ष्यांचं उलट. त्यांना थेट ऊन द्या. ड जीवनसत्त्व त्यातूनच तयार होतं, अंड्याचं कवच घट्ट होतं. काचेआडचं ऊन इथे उपयोगाचं नाही, जाळीच हवी.

उडवण्याआधी फळी थोडा वेळ बाजूला करा, डोळे सरावू द्या, मगच दार उघडा.