मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रांतलं दुःख बघताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फक्त चेहरे बघणं. कोण रडतंय, किती रडतंय, झालं, पुढचं चित्र. इटलीत पडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपलमधलं जोत्तो या चित्रकाराचं विलापाचं भित्तिचित्र घ्या, साधारण १३०५ चं, त्यात ख्रिस्ताच्या शवाजवळ दोन माणसं चक्क पाठमोरी बसलीयेत, चेहरे दिसतच नाहीत, आणि तरी त्या वाकलेल्या पाठी बघून पोटात कालवतं. मला तरी त्या वर आकाशात रडणाऱ्या देवदूतांपेक्षा या पाठीच जास्त लागतात.

दुसरं, हे सगळं जोत्तोनेच सुरू केलं असं धरून चालू नका. उत्तर मॅसेडोनियात स्कोप्येजवळ नेरेझीच्या चर्चमध्ये ११६४ चं बायझंटाइन (पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या शैलीचं) भित्तिचित्र आहे, त्यात ख्रिस्ताची आई मरिया मेलेल्या मुलाला कवटाळून त्याच्या गालाला गाल लावून बसलीये. जोत्तोच्या जवळपास १४० वर्षं आधी!

आता फ्लेमिश चित्रकार रोखियर फान डर वायडनचं 'क्रुसावरून उतरवताना', माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातलं, साधारण १४३५ चं. इथे लोक हमखास फसतात. मागे सपाट सोनेरी भिंत, ख्रिस्त धरून दहा माणसं दाटीवाटीने, मग म्हणतात याला चित्रात खोली, म्हणजे डेप्थ, दाखवता येत नव्हती. अहो, ज्याला गालावरून ओघळणारा पारदर्शक थेंब असा रंगवता येतो त्याला खोली जमणार नाही का, त्याने मुद्दामच मागे पळायला जागा ठेवली नाही, नजर दुःखावरच अडकावी म्हणून. आणि मरिया नुसती बेशुद्ध पडलीये असं समजू नका, तिचं अंग ख्रिस्ताच्या अंगासारखंच वळलंय बघा. आईने मुलाचं मरण स्वतःच्या अंगावर घेतलंय, त्या काळातली भक्तीच तशी होती, फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले, साधू लोकांना सांगायचे की डोळे मिटा आणि तुम्ही तिथे उभे आहात असं मनात आणा.

तरीही चित्र भिडत नसेल तर बहुतेक वेळा प्रॉब्लेम स्क्रीनचा असतो. मूळ चित्र अडीच मीटरपेक्षा जास्त रुंद आहे आणि आपण ते अंगठ्याएवढं बघतो. प्राडोच्या साइटवरचा मोठा फोटो उघडा, आधी पूर्ण बघा, मग झूम करून ख्रिस्ताचा खाली लोंबणारा हात शोधा, त्यावर खिळ्याची जखम आहे, आणि त्याच्या शेजारीच मरियेचा हात, तसाच निर्जीव, लोंबणारा. दोघांचे हात एकमेकांना लागत नाहीत. तिथे जरा वेळ थांबा.