फुप्फुसांची निगा: आधी धूर, मग चालणे, मग प्राणायाम

फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात, त्यामुळे ती आपण होऊन फुगत नाहीत. छातीच्या पिंजऱ्याखाली आडवे पसरलेले, घुमटाच्या आकाराचे श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, आणि त्यामुळे वाढलेल्या जागेत हवा शिरते. एवढी रचना ध्यानात घेतली, तरी ‘फुप्फुसे मजबूत करण्याच्या’ उपायांपैकी कोणते उपयोगी आणि कोणते निव्वळ समजुतीचे, हे बरेचसे उलगडते. व्यायामाने बळकट होतात ते श्वास ओढणारे स्नायू. फुप्फुसांतले कोट्यवधी वायुकोश मात्र धुराने एकदा नष्ट झाले, की कोणत्याही व्यायामाने, काढ्याने किंवा वाफेने ते पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून माझ्या मते आधी धूर आणि धूळ हटवावी, मग नियमित चालावे आणि त्यानंतर श्वासाच्या सरावाकडे वळावे. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा धरतात.

तंबाखू, चूल, कॉइल आणि कबुतरे

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्णपणे सोडणे, याला दुसरा पर्याय नाही. पंचविशीनंतर प्रत्येकाचीच श्वसनक्षमता हळूहळू घटत जाते. धूम्रपानाने या घटीचा वेग वाढतो, आणि ते सोडल्यावर गेलेली क्षमता बहुतांशी परत मिळत नसली, तरी पुढची घट मंदावते. त्यामुळे चाळिशीत सोडणाऱ्याचा लाभ मोठा असला, तरी साठीत सोडणाऱ्यालाही तो मिळतोच. सोडल्यानंतरचे काही आठवडे खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण श्वासनलिकांच्या अस्तरावरचे, कफ वर ढकलणारे सूक्ष्म रोम पुन्हा कामाला लागलेले असतात. नेमक्या याच टप्प्यावर अनेकांचा निश्चय मोडतो, म्हणून याची कल्पना घरच्यांनाही आधीच देऊन ठेवावी. एकट्याने जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते.

आपल्याकडे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेल्या स्त्रियांनाही होतो, आणि त्यामागे अनेकदा वर्षानुवर्षे चुलीपुढे बसून घेतलेला धूर असतो. घरात गॅस आल्यावरही अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होत असेल, तर निदान ती चूल उघड्या पडवीत हलवावी, लाकूड पूर्ण वाळलेले वापरावे आणि लहान मुलांना तिच्याजवळ बसवू नये. शहरातल्या बंद सदनिकेत चुलीची जागा डासांच्या कॉइलने घेतली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. खिडक्या लावून, कॉइल पेटवून रात्रभर झोपण्यापेक्षा मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळ्या हाच निर्धोक उपाय आहे. उदबत्ती आणि धूप लावायचे असल्यास खिडकी उघडी ठेवावी, मिरचीची फोडणी करताना पंखा चालू करावा, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी.

कबुतरांचा प्रश्न याच प्रकारचा, पण अधिक दुर्लक्षित आहे. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा त्याची वैद्यकीय बाजू अनेकांच्या कानावर प्रथमच आली. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, आणि ती वेळेवर ओळखली गेली नाही तर फुप्फुसे कायमची ताठर होऊ शकतात. एसीच्या खोक्यामागे घरटे होऊ नये म्हणून जाळी बसवावी. साचलेली विष्ठा झाडूने न झाडता आधी पाण्याने भिजवावी आणि तोंडाला एन-९५ मास्क लावूनच काढावी.

चालणे, आणि त्याची वेळ

फुप्फुसांसाठी सर्वांत खात्रीचा व्यायाम चालणे हाच आहे, आणि त्याचे कारण पायांत दडलेले आहे. सरावलेले स्नायू प्राणवायूचा वापर काटकसरीने करतात, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी श्वास कमी लागतो. फुप्फुसे तीच राहतात, पण धाप उशिरा लागते. आठवड्याला एकूण १५० मिनिटे भरभर चालण्याचे उद्दिष्ट ठेवावे. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा असतो. ज्यांना थोड्या चालण्यानेही दम लागतो, त्यांनी पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडून सुरुवात करावी.

पहाटे फिरणे आरोग्यदायी असते, हा आपला जुना समज आजच्या शहरांना हिवाळ्यात लागू पडत नाही. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, आणि वाहनांचा व शेकोट्यांचा धूर पहाटे खालीच अडकून राहतो. ऊन वर आल्यावर तो विरळ होऊ लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तासाभराने उशिरा बाहेर पडावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आपल्या भागातील हवेचा निर्देशांक पाहता येतो: १०० पर्यंत असेल तर खुशाल फिरावे, आणि २०० च्या पुढे गेल्यास, विशेषतः दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, घरातच व्यायाम करावा. सूक्ष्म कणांपुढे रुमाल किंवा कापडी मास्क फारसा टिकत नाही. तिथे नाका-गालांना घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो.

श्वासाचा सराव

दीर्घ श्वासाचा फायदा नेमका कशात आहे, हे एका हिशेबावरून स्पष्ट होते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्ती एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेते; त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते व वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला असे १२ श्वास घेतल्यास एकूण ६ लिटर हवेपैकी ४.२ लिटर कामी येते. तीच ६ लिटर हवा २४ उथळ श्वासांत घेतली, तर केवळ २.४ लिटर कामी येते आणि उरलेली येण्याजाण्यात वाया जाते.

सराव झोपून सुरू करावा. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, एक हात छातीवर आणि दुसरा बरगड्यांच्या खाली पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेताना पोटावरचा हात वर उचलला गेला पाहिजे आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. सुरुवातीला बहुतेकांच्या बाबतीत उलटे घडते, कारण छाती फुगवणे म्हणजेच खोल श्वास, असे आपल्याला शाळेच्या कवायतीपासून वाटत आलेले असते. मग ओठांचा चंबू करून, गाल न फुगवता आणि जोर न लावता हवा सोडावी. श्वास घेताना दोन अंक मोजले, तर सोडताना चार मोजावेत. ओठ आवळल्याने आत जो सौम्य दाब राहतो, त्यामुळे लहान श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि आत अडकून राहिलेली हवा बाहेर पडते. सीओपीडीच्या रुग्णांना यानेच धापेत आराम मिळतो. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे पुरेत. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला जात आहे असे समजून थांबावे.

झोपून जमू लागले, की हीच पद्धत कामात आणावी. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून नाकाने श्वास घ्यावा आणि दोन पायऱ्या चढताना तो ओठांतून सोडत जावा. पाण्याची बादली उचलताना किंवा चपलेचा पट्टा लावायला वाकतानाही श्वास रोखून न धरता सोडावा, कारण श्वास कोंडून केलेल्या अशा लहानसहान कामांनीच वयस्कर माणसांना सर्वांत जास्त धाप लागते.

प्राणायामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा उपकरणांच्या साहाय्याने अभ्यास करण्याची सुरुवातही महाराष्ट्रातच, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला स्थापन केलेल्या कैवल्यधाममध्ये झाली. नवख्याने अनुलोम-विलोम आणि भ्रामरीपासून आरंभ करावा आणि रेचक (श्वास सोडणे) हा पूरकापेक्षा (श्वास घेण्यापेक्षा) लांब ठेवावा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, जाणत्या शिक्षकाशिवाय करू नये. कपालभातीला मोठी लोकप्रियता लाभली असली, तरी उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भारपण असताना ती टाळावी.

कोविडच्या काळात घरोघर आलेले तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर अजून कपाटात असेल, तर ते स्वच्छ धुऊन वापरता येईल. त्यात फुंकायचे नसते, श्वास आत ओढायचा असतो. झटका देऊन तिन्ही गोळ्या क्षणभर वर उडवण्यापेक्षा पहिली एकच गोळी संथपणे ओढून तीन-चार सेकंद वर टिकवणे अधिक हिताचे असते.

डॉक्टरांकडे कधी आणि काय सांगावे

वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, पण तिने फुप्फुसे ‘साफ’ होत नाहीत, आणि उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका मुलांना फार असतो. श्वास किती सेकंद रोखता येतो, यावरूनही फुप्फुसांची परीक्षा होत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून श्वसनक्षमता मोजण्याची तपासणी, करावी लागते. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने दम्याचे रुग्ण इन्हेलर सोडून देतात, हे मला सर्वांत चिंतेचे वाटते. इन्हेलरमधले औषध अगदी थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकांत पोहोचते, आणि प्राणायाम सुरू केला म्हणून ते स्वतःच्या मनाने बंद करू नये.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. थुंकीतून रक्त पडणे, पावलांवर सूज येणे, सपाट झोपल्यावर दम लागल्याने उठून बसावे लागणे किंवा चालल्यावर ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. डॉक्टरांना लक्षणांबरोबरच आपला आजवरचा कामधंदाही न विसरता सांगावा: दगडखाण, यंत्रमाग, पिठाची गिरणी, ओतशाळा, सुतारकाम, तसेच घरात पाळलेले किंवा खिडकीत वस्तीला आलेले पक्षी. यांपैकी अनेक गोष्टी सुटून वर्षे लोटलेली असतात, आणि म्हणूनच विचारल्याशिवाय त्या कोणी सांगत नाही.