प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? आधी आहे त्या नोकरीत एक शीट हाती घ्या

पीएमपी म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरसाठीचं सर्टिफिकेट. त्याच्या क्लासला पैसे भरण्याआधी पात्रता वाचा: चार वर्षांची पदवी असली तरी प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो. नवख्यांसाठी त्याच पीएमआय संस्थेची सीएपीएम परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही, 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं. पण नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा टीममधलं कुणालाच नको असलेलं काम मागून घ्या: मीटिंगचे मुद्दे लिहून ठेवणं आणि अडलेल्या कामांचा पाठपुरावा. एक्सेलमध्ये साधी शीट करा. काय अडलंय, कुणाकडे, कधीपर्यंत, नाही झालं तर काय लटकेल. ‘व्हेंडरकडून टेस्ट डेटा आला नाही’ एवढं लिहून भागत नाही. ‘टेस्ट डेटा गुरुवारपर्यंत आला नाही तर टेस्टिंग सोमवारी सुरू होणार नाही, फोन करणार: मी’ अशी ओळ हवी. दर शुक्रवारी त्यातल्या तीनच ओळी साहेबांना मेल करा. (सगळी शीट पाठवली तर कुणी उघडत नाही.)

शीट चालवताना तारखा आणि निर्णय आपोआप नोंदले जातात. रेझ्युमेत ‘उत्तम संवादकौशल्य’ लिहिण्याऐवजी कोणतं काम किती दिवस रखडलं होतं आणि तुम्ही ते कसं सोडवलंत, ते लिहा. पहिला अर्ज थेट मॅनेजरपदासाठी नको. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर किंवा पीएमओ (कंपनीतल्या प्रकल्पांवर नजर ठेवणारा विभाग) अ‍ॅनालिस्टच्या जागा बघा. शक्यतो आपल्याच कंपनीत, कारण तिथे तुमची शीट आधीच ओळखीची असते.