टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंटचा गॅप बघा
जुन्या स्पोर्ट्स कारचं इग्निशन टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडावा ते) बसवताना बरेच जण थेट डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणारा भाग) फिरवायला घेतात. आधी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांचा, गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. म्हणजे टायमिंग आधी बसवून मग गॅप बदललात, तर केलेली सगळी मेहनत वाया. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जुन्या ल्युकस कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला हा गॅप साधारण ०.३८ मिमी लागतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

इंजिनाच्या पुढच्या क्रँक पुलीवरची टायमिंगची खूण तेलकट काजळीखाली दडलेली असते. चिंधीने पुसून तिच्यात पांढऱ्या रंगाची बारीक रेघ भरा, टायमिंग लाइटखाली (स्पार्कच्या तालावर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) ती लख्ख दिसते. इंजिन पुरतं गरम होऊ द्या. मॅन्युअल सांगत असेल तर डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सांगितल्याइतकेच ठेवा. ते जास्त असतील तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं उघडू लागतात, टायमिंग पुढे नेतात आणि खूण फसवते.

डिस्ट्रिब्युटर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट जेमतेम सैल करा. आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेने डिस्ट्रिब्युटर फिरवला की स्पार्क लवकर पडतो. केसभर फिरवा, लाइट मारा, खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आली का ते परत बघा. पंख्यापासून बाह्या आणि वायरी लांब ठेवा, हे कळकळीने सांगतो.

बोल्ट आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास किंचित सरकतो, म्हणून शेवटी पुन्हा एकदा लाइट मारा. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनातून खडखड ऐकू आली, तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या.