वाद न होणारी प्रश्नमंजुषा कशी तयार करावी

प्रश्नमंजुषेत भांडण लागतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: प्रश्नाला दोन उत्तरं निघतात. अवघड प्रश्नावर लोक कपाळाला हात लावून हसतात, पण दुहेरी उत्तराच्या प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. त्यामुळे तयारीचा बराचसा वेळ शब्द तासण्यात जातो आणि तो जायलाच हवा.

१. आराखडा

भूगोल, खाद्यपदार्थ, संगीत, इतिहास आणि कला अशा पाच फेऱ्या, प्रत्येकी १० प्रश्न. संघ ४ ते ६ जणांचा. त्याहून मोठा केला की दोघं उत्तरं देतात आणि बाकीचे गप्पा मारतात. प्रश्न दोनदा वाचून ३० सेकंद द्या. फेरीला साधारण १० मिनिटं आणि तपासणीला ५ धरली, तर सव्वा तासात खेळ आटोपतो. प्रश्न मात्र ५० नव्हे, ६५ लिहा. पुढच्या पायऱ्यांवर काही गळणारच.

दर दहांत ३ सोपे, ५ चर्चा करून सुटणारे आणि २ कठीण ठेवा. फेरीचा पहिला प्रश्न सोपाच असू द्या.

२. उत्तरापासून मागे या

आधी पक्की माहिती निवडा, मग प्रश्न रचा. ‘सॅक्सोफोन कोणी तयार केला?’ हा प्रश्न फिका आहे. ॲडॉल्फ सॅक्स ज्याला ठाऊक आहे तो लगेच लिहितो, बाकीच्यांना विचार करायला वावच नाही. तीच माहिती उलटी फिरवा: ‘पितळेचं असूनही वुडविंड (बासरी, क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यांच्या) गटात मोडणारं, एका बेल्जियन कारागिराच्या आडनावावरून ओळखलं जाणारं आणि १८४६ मध्ये पेटंट मिळालेलं वाद्य कोणतं?’ आता संघ बोलायला लागतो. पितळ म्हणजे ट्रंपेट? मग वुडविंड कसं? कोणाला तरी आठवतं, सॅक्सोफोनचा आवाज रीडमधून, म्हणजे पातळ पट्टीच्या कंपनातून निघतो. प्रश्नातच उत्तराकडे जाणारी वाट असली की माहिती नसलेल्यालाही खेळता येतं.

३. धोक्याचे शब्द शोधा

‘सर्वात मोठं’, ‘सर्वात उंच’, ‘पहिला’, ‘राजधानी’. हे शब्द दिसले की थांबा.

सर्वात मोठं वाळवंट अंटार्क्टिका आहे. सहारा हवं असेल तर ‘उष्ण’ हा शब्द घाला. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटरसह सर्वात उंच आहे ते समुद्रसपाटीपासून. समुद्रतळावरच्या पायथ्यापासून मोजलं तर हवाईचा मौना केआ पुढे जातो, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूर असलेलं शिखर इक्वेडोरमधलं चिंबोराझो. सर्वात लांब नदीचा प्रश्न सरळ वगळा. नाईल की ॲमेझॉन हा वाद तुमच्या खेळात मिटणार नाही.

दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या आहेत: प्रिटोरिया, केपटाउन आणि ब्लुमफाँटेन. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. जुन्या याद्यांवरून प्रश्न उचलणारे नेमके इथे सापडतात.

इतिहासात ‘पहिला’ फार छळतो. पहिल्या महिला पंतप्रधान सिरिमावो भंडारनायके (१९६०), इथपर्यंत ठीक. ‘पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष कोण?’ म्हटलं की अर्जेंटिनाच्या इसाबेल पेरॉन (१९७४) आणि आइसलँडच्या विग्डिस फिनबोगाडॉट्टिर (१९८०) अशी दोन नावं समोर येतात. ‘थेट मतदानातून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या’ असं लिहिलं की विग्डिस यांचंच नाव उरतं. रशियातली ऑक्टोबर क्रांती नव्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली. तेव्हा महिना विचारू नका, वर्ष विचारा.

४. खाद्यपदार्थ: दंतकथा गाळा

‘हा पदार्थ कोणी शोधला’ या प्रकारातल्या बहुतेक गोष्टी मागाहून रचलेल्या असतात. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यातून क्रोसाँ (चंद्रकोरीच्या आकाराचा पाव) जन्मला, मार्को पोलोने चीनहून इटलीत पास्ता नेला, दोन्ही कथांना पुरावा नाही. त्यापेक्षा तर्काने सुटणारा प्रश्न घ्या: ‘बटाटा, टोमॅटो, मिरची, गाजर यांपैकी काय १४९२ पूर्वीच्या युरोपात मिळालं असतं?’ उत्तर गाजर, बाकी तिन्ही अमेरिका खंडांतून आलेले. केळं बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी नाही, हा प्रश्न चालतो, पण ‘वनस्पतिशास्त्रानुसार’ हा शब्द विसरलात तर गदारोळ ठरलेला.

५. ध्वनी आणि चित्र

गाण्याचा तुकडा १५ ते २० सेकंदांचा पुरे. त्यात गाण्याचं शीर्षक येत नाही ना, हे शेवटपर्यंत ऐकून तपासा. आकड्यांचे प्रश्नही इथे चालतात, फक्त ‘८८ पट्ट्यांच्या पियानोवर काळ्या किती?’ असं स्पष्ट म्हणा (३६). काही पियानोंना जास्त पट्ट्या असतात.

कलेच्या फेरीत अख्खं चित्र दाखवू नका. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेऐवजी तिच्यामागचा इवलासा फुजी पर्वत कापून दाखवला की खरी गंमत येते. पण हे चित्र लाकडी ठशांनी छापलेलं, त्याच्या प्रती अनेक संग्रहालयांत आहेत. ‘मूळ चित्र कुठे आहे?’ हा प्रश्नच चुकीचा. नॉर्वेच्या चित्रकार मुंकच्या ‘द स्क्रीम’च्याही एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. ठिकाण विचारायचं तर पिकासोचं ‘गेर्निका’ घ्या: माद्रिद, रेना सोफिया संग्रहालय.

६. उत्तरपत्रिका आणि तक्रारी

प्रत्येक उत्तरापुढे काय काय मान्य, ते आधीच लिहा: नुसतं आडनाव चालेल का, म्यानमारऐवजी ब्रह्मदेश चालेल का. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. खेळात नसलेल्या एखाद्याला सगळे प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. त्याने ‘पुन्हा वाच’ म्हटलं, तर वाक्य लांबलंय.

हरकती फेरी संपल्यावर लगेच घ्या, पुढची सुरू झाली की दार बंद. प्रश्नच चुकला असेल तर सगळ्यांना गुण द्या. गणिताने पाहिलं तर सगळ्यांना दिला काय आणि कोणालाच दिला नाही काय, संघांतलं अंतर तेच राहतं. पण दिलेला बरा, कुरकुर कमी होते.

७. बरोबरी झाली तर

कोणालाही नेमका पाठ नसेल असा आकडा विचारा, जवळचं उत्तर जिंकेल. एव्हरेस्टची उंची इथे नको, ती निम्म्या लोकांना पाठ असते. ‘गेर्निका’ची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा. उत्तर ७७७. कमी-जास्त दोन्ही बाजूंचा फरक सारखाच धरायचा, आणि फरकही सारखाच निघाला तर ज्याची चिठ्ठी आधी आली तो विजयी. हा नियम प्रश्न विचारण्यापूर्वी सांगा, नंतर नाही.