आरव्हीतला हिवाळा: रात्री पाण्याचा पाइप काढून ठेवा

निवृत्तीनंतर आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन हिवाळा ॲरिझोनात घालवणारी जोडपी अमेरिकेत पुष्कळ. वाळवंट उबदार असतं, हा समज दिवसापुरताच खरा. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. सुमारे 2,100 मीटर उंचीवरच्या फ्लॅगस्टाफला तर हिवाळ्यात जवळपास रोजच.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप, नळाचे जोड फुटतात. म्हणून झोपण्याआधी बाहेरच्या नळाला जोडलेला पाइप काढा, रिकामा करा, आत घ्या. गाडीतली टाकी संध्याकाळीच भरून ठेवा आणि रात्री तेच पाणी पंपाने वापरा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली की आतली ऊब नळ्यांपर्यंत पोचते. सांडपाण्याच्या टाकीची झडपही बंदच असू द्या, नाहीतर झिरपणारं पाणी बाहेरच्या पाइपात गोठून बसतं.

उबेसाठी गॅसची शेगडी मात्र कधीच पेटती ठेवू नका, कितीही थंडी असो. तिच्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म बटण दाबून तपासत जा.

आणि ही सगळी कामं दोघांनाही यायलाच हवीत. एकाला ताप आला, कंबर धरली, तर त्या रात्री दुसऱ्याला ती एकट्याने करावी लागतात.