पहिल्या पावसाआधी विहीर सांभाळा

शुद्ध केलेलं पाणी जिथे नळाने घरापर्यंत येत नाही, तिथे शेताची विहीर हीच बऱ्याचदा पिण्याचीही विहीर असते. तिला सर्वांत मोठा धोका असतो तो पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरींत. जमीन उघडी असते, पेरणीचं खत नुकतंच पडलेलं असतं, उकिरडा भरलेला असतो आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून वरचं पाणी झपाट्याने खाली उतरतं. म्हणून पुढची कामं पेरणीच्या धांदलीआधीच उरकावीत.

आधी विहिरीत डोकावून पाहा. कठड्याखालच्या दगडांवरून काळपट ओघळ उतरलेले दिसले, तर वरचं पाणी बांधकामाच्या फटींतून आत येतंय. वरच्या दहा फुटांतले सांधे सिमेंटने भरून घ्या. भोवती निदान तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला ओटा करा आणि ओट्याचं पाणी चर काढून लांब सोडा. बोअरची केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, जमिनीपासून फूटभर वर हवी. केसिंगभोवतीच्या पोकळीत माती लोटू नका. माती खचते आणि घाण पाण्याला वाट मिळते. तिथे सिमेंटचा घोळच ओता.

उकिरडा विहिरीपासून किमान शंभर फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. तळाला मुरूम चोपून घ्या, कडेने मातीचा बांध घाला आणि वरून ताडपत्री किंवा पाचटाचा जाड थर टाका. उकिरड्यातून पाझरणाऱ्या काळ्या पाण्यात जंतूही असतात आणि नत्रही (नायट्रोजन). ते पाणी विहिरीत गेलं तर घर आजारी पडतं, शिवाय पिकाचं खत वाया जातं ते वेगळंच.

युरियाची सगळी मात्रा पेरणीलाच देणं टाळा. रोपाची मुळं लहान असताना एवढं नत्र उचललंच जात नाही. युरियाचं जमिनीत नायट्रेट होतं, ते मातीच्या कणांना धरून राहत नाही आणि पाण्याबरोबर खाली जातं. निम्मी किंवा त्याहून कमी मात्रा पेरणीला द्या, उरलेली पिकाच्या वाढीप्रमाणे एक-दोन हप्त्यांत. खत दोन इंच खोल पेरून मातीआड करा. येत्या दोन दिवसांत मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर हप्ता पुढे ढकला. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) वेगळं आहे. ते मातीला चिकटतं आणि वाहत्या मातीबरोबर ओढ्यात जातं. त्याला उपाय उताराला आडवी पेरणी आणि ओढ्याकाठी पंधरा-वीस फुटांचा, न नांगरलेला गवताचा पट्टा.

ठिबकमधून खत देणाऱ्यांनी विशेष जपावं. वीज गेली की पाइपातलं पाणी उलटं फिरतं आणि त्यासोबत खताचं द्रावणही थेट विहिरीत उतरतं. म्हणून पंप आणि व्हेंचुरीच्या (पाइपात खत ओढून घेणाऱ्या नळीच्या) मध्ये पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पाइपात हवा घेणारा एअर व्हॉल्व्ह हवेतच. व्हॉल्व्ह तपासायला खत न सोडता पंप चालवून बंद करा. पाणी मागे आल्याचा आवाज आला तर व्हॉल्व्हच्या झडपेत काडी-कचरा अडकलाय किंवा रबर झिजलंय.

फवारणीचं औषध विहिरीच्या काठावर कालवू नका. टाकी भरताना नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वरच धरा, बुडवलं तर पाणी थांबताच औषध नळीतून मागे ओढलं जातं. बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून, अर्धा मिनिट हलवून ते टाकीतच ओता. असं तीनदा करा. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तिच्यात तेल-पाणी भरणार नाही. पंप ओढ्यात धुऊ नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधं अगदी थोड्या प्रमाणातही मासे मारतात. धुतलेलं पाणी त्याच पिकावर फवारून संपवा.

पावसाने विहिरीचं पाणी गढूळ झालं असेल, तर आधी निवळू द्या. गाळातच क्लोरीन खर्ची पडतं. नंतर ताजी ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम घ्या. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाणी पाच मीटर असेल तर साधारण 63,000 लिटर भरतात, म्हणजे पावडर सुमारे 160 ग्रॅम. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा आणि तासभर उपसा बंद ठेवा.

क्लोरीनने जंतू मरतात, नायट्रेट मात्र तसंच राहतं. उकळल्याने तर ते आणखी दाट होतं. म्हणून पाऊस स्थिरावल्यावर पाण्याची नायट्रेट तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त आलं तर सहा महिन्यांखालच्या बाळाचं वरचं दूध या पाण्यात कालवू नका. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडतं. बाळासाठी तपासलेलं दुसरं पाणी आणा.